आत्तींचं पोट आणि माझा हात

फोन आला तेव्हा सकाळचं दूध तापवत होते. पलीकडे मंगलवन्सं, माझी नणंद. आत्ती थोड्या दिवसांसाठी लेकीकडे कळंब्याला गेल्या होत्या. "वैनी, आई गेली..." एवढं बोलून वन्सं थांबल्या. अशा वेळी माणूस मटकन खाली बसतं, रडतं. माझ्या तोंडून मात्र निघालं, "पोटात दुखत होतं का वो?" वन्संनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "न्हाय वो. झोपेतच गेली. रात्री झुणका-भाकरी खाल्ली, वर मिरचीचा खर्डा मागून घेतला आणि निवांत झोपली की." ते ऐकलं, गॅस बंद केला आणि मग रडले. खरं सांगायचं तर आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. घरातलं माणूस गेल्यावर हायसं वाटलं म्हणणं बरं दिसत नाही, पण आमच्या घरातली ती मधली वर्षं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते कळेल.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माझं माहेर गडहिंग्लजचं, तिकडे कानडीच्या शेजारानं सासूला आत्ती म्हणतात, तेच मी कोल्हापुरात आल्यावर चालू ठेवलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन आले, तेव्हा आमच्या ह्यांचं भुसारी मालाचं दुकान होतं आणि घरात आत्तींचा आवाज होता. त्या हळू बोलल्या तरी गल्लीच्या टोकाला कळायचं. आमच्या घरात मांसाहार नाही, त्यामुळे तिखटाची सगळी हौस आमटी आणि चटण्यांवर भागते. दुसऱ्या उन्हाळ्यात आत्तींनी वर्षाची चटणी माझ्यावर सोपवली. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कांडलेलं वर्षभराचं तिखट, आणि ते सुनेच्या हाती देणं म्हणजे घरच हाती देणं. वडिलांनी एसटीच्या टपावरून संकेश्वरी मिरचीचं पोतं पाठवलं. मी ती भाजली, शिंकून शिंकून बेजार झाले, डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, उभी राहून कांडून आणली. आत्तींनी बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाल्या, "झाली की गं झकास!" आणि त्याच पावसाळ्यात त्यांचं पोट दुखू लागलं.

बेंबीच्या वर, एका जागी जळायचं. पोट रिकामं झालं की जास्त. कपभर दूध घेतलं की घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. गल्लीला कारण शोधायला वेळ लागला नाही. शेजारच्या शांताक्का ओट्यावर बसून म्हणाल्या, "गडहिंग्लजची मिरची हाय ती. म्हातारीला सोसंल व्हय?" आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही अल्सर असेल म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, तिखट बंद करा आणि काळजी करू नका म्हणाले. तिखट आणि काळजी, अल्सरची तेव्हा हीच दोन कारणं सगळ्यांना पाठ होती. त्यातलं तिखट माझं. काळजी कशाची म्हणून विचारलं, तर शेवटी तीही माझीच निघायची! गोळ्या चालू असेतो बरं, थांबल्या की दुखणं परत हजर. दुधानंच काय ते बरं वाटतं म्हणून आत्ती संध्याकाळी दूध कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूधही पिऊन यायच्या, आणि घरी पोचेपर्यंत पोट धरायच्या.

मग आमच्या घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. आत्तींना मऊ भात, मुगाचं पातळ, दूध. तोंडाला चव म्हणून मी बिनमिरचीची कारळ्याची चटणी करून द्यायचे, तेवढी मात्र त्या आवडीनं खायच्या. बाकी ज्या बाईला ठेच्याशिवाय भाकरी उतरत नव्हती ती ताटाकडे बघून उसासे टाकायची. अंगावरचं मांस उतरलं, आवाजसुद्धा बसला. वर्षभर त्यांच्या पोटात मिरचीचं बी गेलं नाही आणि तरी दुखणं हलेना, हे माझ्या लक्षात येत होतं. पण आरोपीनंच वकिली केली तर ऐकतंय कोण? आमचे हे दोन्हीकडून अडकले, म्हणून दुकानात जास्त वेळ बसू लागले. एकदा वन्सं आईला भेटायला आल्या, तिची दशा बघितली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाल्या, "वैनी, आईला आता माझ्याकडं न्हेतो. तुमच्या हातचं न्हाय तिला सोसत." त्या वाईट नव्हत्या. आई वाळत चाललेली कुठल्या लेकीला बघवेल? पण त्या दिवशी पीठ मळताना मी आपल्याच हातांकडे बघत राहिले. माझ्या हातात विष आहे की काय, असं मलाच वाटू लागलं होतं...

आत्ती काही गेल्या नाहीत. "माझं घर सोडून कुठं जाऊ?" म्हणाल्या. आणखी एक गोष्ट घरात चालू होती, ती कुणी हिशेबात धरली नव्हती. त्यांचे गुडघे दुखायचे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून त्या गुडघ्याची गोळी आणायच्या आणि चहाबरोबर टाकायच्या. सोमवारच्या उपासाला तर निव्वळ रिकाम्या पोटी. तिचा आणि पोटाचा काही संबंध असेल हे आमच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी दारात पावटे सोलत बसल्या होत्या. एकदम घामानं डबडबल्या आणि बसल्या जागी कलंडल्या. रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते. डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि पहिलाच प्रश्न केला, "आजी, शौचाला काळं होतंय का?" आत्तींच्या अंगात उठायचं त्राण नव्हतं, पण उत्तर खणखणीत दिलं, "हुतंय की. कारळ्याची चटणी खातो न्हवं का!" किती दिवस होत होतं विचारलं, तर बरेच. चटणीच काळी, मग काळंच होणार, यात सांगण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर हसले नाहीत. "चटणीनं असं डांबरासारखं चिकट होत नाही, आजी. पोटात रक्त वाहतंय तुमच्या," म्हणाले, आणि लगेच रक्ताची बाटली मागवली. त्या दिवशी आणखी उशीर झाला असता तर आत्ती तेव्हाच गेल्या असत्या, आणि मला जन्मभर त्यांच्या मरणाची धनीण म्हणून जगावं लागलं असतं.

तोंडातून दुर्बीण घालून बघितलं. जठराच्या पुढं आतड्याच्या तोंडाशीच जखम होती. डॉक्टरांनी आतला बारीकसा तुकडा काढला आणि पिवळ्या औषधात ठेवला. थोड्या वेळानं आम्हाला बोलावून दाखवलं, पिवळ्याचं गुलाबी झालं होतं. "पोटात एक जंतू आहे. पोटातल्या आम्लातही तो राहतो आणि आतलं अस्तर कमजोर करतो. मग तेच आम्ल जखम करतं. त्यात या गुडघ्याच्या गोळ्यांनी भर घातली." दवाखान्यात धावत आलेल्या वन्संनी विचारलं, "आणि तिखट?" डॉक्टर म्हणाले, "जखमेवर पडलं तर झोंबेल. पण जखम तिखटानं झालेली नाही, काळजीनंही नाही." मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसले आणि पदरात तोंड खुपसून रडले. वन्सं शेजारी येऊन बसल्या. माझा हात धरून राहिल्या. मला तेवढं पुरलं.

जंतूवर दोन आठवडे गोळ्या, आम्लाची गोळी आणखी थोडे दिवस, आणि गुडघ्याची गोळी कायमची बंद. एवढंच औषध! जे दुखणं वर्षानुवर्षं पथ्यानं, दुधानं, उपासानं हटलं नव्हतं ते मुकाट निघून गेलं. पुन्हा दुर्बिणीतून बघितलं तेव्हा जखम भरली होती, जंतूही नव्हता. ते ऐकून घरी आल्या त्या दिवशी आत्तींनी ओट्यावर बैठक मारली, शांताक्कांना हाक मारून समोर बसवलं आणि मला आतून आमटी-भाकरी आणायला सांगितली. तांबड्या तवंगात भाकरी कुस्करली, नाक गळेपर्यंत खाल्ली आणि म्हणाल्या, "जंतू हुता वो शांताक्का, जंतू! माझ्या सुनंच्या तिखटाला नावं ठिवू नगा." आवाज परत आला होता. गल्लीच्या टोकाला गेला असणार.

मला वाटलं, संपलं. पण आत्तींचं तेव्हा सुरू झालं. लग्नात, हळदीकुंकवाला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला, सगळ्यांना जंतूची हकीकत. मला लाज वाटायची. आणि एक दिवस काठी घेऊन, कुरकुरणारे गुडघे सांभाळत त्या गडहिंग्लजच्या एसटीत बसल्या. माझ्या आईच्या कानावर इतकी वर्षं लेकीची बदनामी जात होती, म्हणून तिला स्वतःच्या तोंडानं सांगायला. माझ्या आईचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या लेकीनं मला जगवलं, ईनबाई. दोष जंतूचा हुता." आईनं त्यांना हाताला धरून आत नेलं. मला तर वाटतं, त्या दिवशी माझं दुसऱ्यांदा लग्न झालं, आणि यावेळी सासूनं मला पसंत करून नेलं.

त्यानंतर आत्ती पुष्कळ वर्षं जगल्या आणि तिखट खाऊन जगल्या. पोटानं पुन्हा कधी तक्रार केली नाही. गेल्या त्या वयानं.

दिवसकार्य झाल्यावर भेटायला माणसं येत राहिली. परवा गडमुडशिंगीच्या काकू आल्या, आत्तींच्या चुलत जाऊबाई. बरोबर नवी सून होती, अजून अंगावरची हळद उतरली नसेल अशी. इकडचं-तिकडचं, कंबरदुखीच्या गोळ्यांचं बोलून झालं आणि काकू छातीखाली हात धरून म्हणाल्या, "माझंबी पोट लई जळतंय बाई. हिचा हातच लई तिखट." सून पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत राहिली. मी सुतकी चेहऱ्यानं बसले होते ती एकदम सरसावून बसले. माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या खोलीतले पुरुष बोलायचे थांबले. जंतू काय, दुर्बीण काय, कंबरेसाठी कसल्या गोळ्या खाताय ते काय, सगळं एका दमात सांगून टाकलं. "उद्या सकाळीच दवाखान्यात जायचं काकू, कारणं न्हाय सांगायची." वन्सं कोपऱ्यातून रडता रडता हसत होत्या. तेवढ्यात ती पोरगी पहिल्यांदाच बोलली, अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं.

"आणि सैपाक, अक्का? त्यो कुणी करायचा?"

"तूच," मी म्हणाले.