कारण नसलेला मामा

आमच्याकडं नवरीले बोहल्यापाशी मामानंच आणा लागते. ताईचं लग्न तोंडावर आलं अन् आमचा एकुलता एक मामा माह्या मायसंग कैक वर्षं बोलतच नोता. मायनं मले मामाकडं डोणगावले धाडलं. "मामाच्या नावानं पुकारा झाला अन् कोणी उठलं नाही, तं पोरीनं काय करावं?" एवढंच म्हणाली.

एसटीत मी तयारी करून राह्यलो होतो. कॉलेजच्या गॅदरिंगले मी एक रुसका मामा केला होता. आवाज आमच्याच मामाचा, नाकातला, दर वाक्याआधी खाकरून. सर म्हणाले, हा काऊन रुसला ते दाखव, नाहीतर पात्र उभं राहत नाही. मी त्याले वावराचा वाद देला, भर पंगतीतला अपमान देला. शेवटी माफी, मिठी, टाळ्या. खऱ्या मामाचंही असंच काही असन, ते शोधाचं अन् माफी मागाची, असा माहा बेत.

मामा अंगणात कुलरच्या जाळीतलं जुनं गवत काढत होता. पत्रिका हातात घेतली नाही. "ठेव तिथं."

"मामा, वावरावरून काही झालं होतं का?"

"कायचं वावर बे? माह्या बापाले वावर होतं कुठं?"

"मंग पंगतीत कोणी बोललं?"

"नाही."

"मायचं काही चुकलं?"

त्यानं गवत खाली आपटलं. आता कानाखाली वाजते, असं वाटून मी मागं सरकलो.

"वकील हायेस काय बे? एका दिवाळीले तिले आणाले जाचं होतं. नाही गेलो."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? कंटाळा आला. मंग फोन कराची लाज वाटे. तवर दुसरी दिवाळी आली."

पाठ केलेली एकही माफी इथं बसेना. रागावलेल्याले मनवता येते, याले काय म्हणू? माह्या नाटकातला मामा राग संपला का गळ्यात पडे. याच्यापाशी संपाले काही नोतंच.

मामी दारातून म्हणाली, "येता का नाही, ते तरी सांगा पोराले."

मामा ओल्या जाळीतल्या काड्या एकेक करून उपसाले लागला. माही बस चुकाची वेळ झाली, तरी मी उठलो नाही.

"मामाले बोलावतीन तवा तुही माय तिथंच उभी राहीन?"

"राहीन."

"तिले सांगजो, मले काही विचारू नको म्हणा."

घरी येऊन मी शब्दाशब्द सांगितलं. माय म्हणे, "विचारून काय करू?" अन् मामाच्या आहेराचं कापड काढाले उठली.