आमच्या वाट्याची भिंत

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मेल्विनला नाही, पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हा फादरनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? नीटसं माहीत नाही. शुक्रवार आहे, इथला सुट्टीचा दिवस, चर्चमधून मिस्सा होऊन आलोय, आणि बहरीनच्या मनामा शहरातल्या या खोलीत आता रविवारी ऑफिस उघडेपर्यंत माझ्याशी कोणी बोलणार नाही.

समोर एक फोटो आहे. वसईकडच्या आमच्या गावातलं जुनं चर्च — कच्च्या विटांचं, मातीने लिंपलेलं. मेल्विनने काढलेला. तो इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो आणि सुट्टीच्या दिवशी माणसांचे, जुन्या इमारतींचे फोटो. सित्र्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या कंपनी-बसमध्ये बसल्या बसल्या झोपलेले कामगार त्याने टिपलेत. ते पाहून मीच त्याच्या मागे लागलो होतो — गावी चाललास तर आमचं चर्च काढून आण, ते पाडायचं म्हणतायत.

मी पत्रकांवर वाढलोय. गावातल्या प्रश्नांवर बाबा ती लिहायचे, मी वाटायचो. माझ्या वह्यांना कव्हरंसुद्धा उरलेल्या पत्रकांची. बाबांचा नियम होता — गोलमोल लिहायचं नाही, दोषीचं नाव घ्यायचं. मी तो पाळला. तोच तर —

थांबा. आधी भिंतीचं सांगतो.

पावसाने त्या भिंती दरवर्षी झिजायच्या. सणाआधी गाव त्या लिंपायचं, आणि प्रत्येक घराचा तुकडा ठरलेला. आमचा खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत. दुसऱ्याच्या तुकड्याला न विचारता हात लावायचा नाही. लावला तर अर्थ एकच — ते घर संपलं. म्हणून कोणी परगावी असेल तर चर्चची किल्ली सांभाळणारे इनासकाका त्या घरातल्या कर्त्याला फोन करून परवानगी घ्यायचे. बाबा गेले, आई बहिणीकडे राहायला गेली, मी बहरीनला आलो. आमच्या घराला कुलूप लागलं.

पहिल्या वर्षी फोन आला. "बाळा, तुमची भिंत मी लिंपू का? माती उरलीय माझ्याकडे."

"नको काका. मी येतोय. कोणी हात लावायचा नाही."

गेलो नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हणालो. ते हसले — "तुझं विमान उंटावरून येतं का रे?" तिसऱ्या वर्षी हसले नाहीत. "भिंत फुगलीय. लावू दे हात," म्हणाले. मी म्हणालो, नको, या वेळी रजा नाही, पुढच्या वर्षी नक्की.

रजा होती. ती मी याच खोलीत, एसी लावून, आपला वारसा वाचवा म्हणून लेख लिहिण्यात घालवली.

पुढच्या पावसात भिंत ढासळली. त्यानंतर मेल्विन गावी गेला. परत आला तेव्हा, मिस्सा सुटल्यावर इथल्या चर्चच्या आवारात त्याने हा फोटो माझ्या हातात ठेवला. "मोडलेलं दाखवणं हाच माझा धंदा," म्हणाला. मग पडलेल्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, "बाकी सगळं धडधाकट. एवढीच कशी पडली रे? कोणी बघितलं नाही?"

"किल्लीवाल्याने नाही बघितलं," मी म्हणालो. इतक्या सहज.

का म्हणालो? खोटं बोलायला फार वेळ लागत नाही, एवढंच मला त्या दिवशी कळलं. आणि एकदा बोललो म्हणून लिहिलंही. पत्रकात वर हा फोटो, खाली माझी तडफदार वाक्यं — हे चर्च पावसाने नाही, बेफिकिरीने पाडलं. आम्हा परदेशातल्यांना कोणी विचारलंच नाही. जबाबदार : इनास. 'काका' हा शब्दसुद्धा मी गाळला.

पत्रक मोबाइलवरून गावी धाडलं, ते गावभर फिरलं. सभा झाली. आईने फोनवर सांगितलं, "सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, पोराला फोन केला होतास की नाही? ते म्हणाले, विसरलो असेन. किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले. बरं केलंस रे लिहिलंस. अगदी बाबांसारखं."

मी फक्त "हं" म्हणालो.

माझ्याच पत्रकातल्या या फोटोवरून ते चर्च धोकादायक ठरलं आणि पाडलं गेलं. आता तिथे काँक्रीट आहे. इनासकाका मिस्साला शेजारच्या गावी चालत जातात म्हणे. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी लावलेला नाही.

हा फोटो मोठा करून पाहिला की शेजारच्या तुकड्यावर लिंपणाऱ्या बोटांचे फराटे दिसतात. तो तुकडा त्यांच्या घराचा. फराटे आमच्या हद्दीपर्यंत येतात आणि थांबतात — सरळ रेषेत. एक बोटही पुढे नाही.

त्यांनी तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा मी नको म्हणालो होतो.