आबांचे हात बांधले तेव्हा

"दारू उतर रही है इसकी. लिंबायतवाले सब ऐसे ही आते हैं."

मोठे डॉक्टर माझ्या बापाच्या कॉटशी उभे राहून हे म्हणाले. भोवती शिकणारे डॉक्टर. दोघं हसले. लिंबायत म्हणजे आमची कामगारवस्ती. लघवीची बाटली हातात होती म्हणून मला बाहेर काढलं नव्हतं, मी पायथ्याशी उभी. माझ्या बापाने उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नाही. आणि मी काय म्हणाले? "सॉरी, सर."

त्या सॉरीची मला आजही किळस येते.

आबांनी सगळी उमर कापड विणायचे लूम चालवले. त्या खडखडाटात कान गेले. लूमखात्यात तोंडाने बोलून उपयोग नसतो. हाताने बोलतात. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, पोट दुखतंय, सगळं हाताने. समोरच्याचे ओठ बघून उत्तर कळतं. घरीही आबांचं तेच. वॉर्डात मात्र ज्याच्या त्याच्या तोंडावर मास्क. आबांना प्रश्न कळेना. ते हात हलवून आमच्या बोलीत विचारत, आणि डॉक्टरांना वाटे, माणूस थरथरतोय, बरळतोय. मी पहिल्याच दिवशी सिस्टरला सांगितलं होतं, ह्यांना ऐकू येत नाही, मास्क खाली करून बोला. ती म्हणाली, "बेन, तमे बहार बेसो."

तिथली रीत अशी. स्ट्रेचर ढकलायला घरचं माणूस पाहिजे. उलटी पुसायला, चादर बदलायला, रक्ताची बाटली लॅबमध्ये पोचवायला घरचं माणूस पाहिजे. पण डॉक्टरांचा राउंड आला की वॉचमन काठी आपटतो, "सगावाला बधा बहार!" म्हणजे नातेवाईक सगळे बाहेर. आजाराचं बोलणं निघालं, की नेमकं तेव्हाच घरचं माणूस नको. थू तुमच्या रीतीवर!

आबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी राउंड फार लांबला. मी जिन्यात बसून होते. आत आले तर आबांचे दोन्ही हात पट्टीने कॉटच्या दांड्यांना बांधलेले. का? तर हा माणूस सलाईन ओढतो. उजवा हात कोपरापर्यंत टम्म सुजलेला. कातडी काळपट, चकचकीत. सुई शिरेतून निसटली होती आणि औषध मांसात जात होतं. आबा सुईवर बोट ठेवून तेच सांगत होते. म्हणून हात बांधले. माणूस बोलतोय म्हणून त्याचं तोंड शिवावं, तसं.

हात जळतोय म्हणून मला बघून आबा ओरडले, "हात सोड माय, मना हात जळी ऱ्हायना."

"बूम नै पाडो, काका," ओरडू नका म्हणून सिस्टरने लांबूनच दटावलं.

मी गाठ सोडायला लागले. वॉचमनने माझा दंड धरला. मी तो झटकला. इतकी वर्षं मी कुणाचा हात असा झटकला नव्हता. गाठ सुटेना. मग दातांनी सोडली. पट्टीला स्पिरिटचा आणि आबांच्या घामाचा वास होता. मला ओकारी आली, पण पट्टीची नाही. त्या चकचकीत वॉर्डाची आली.

हातावरचं मांस सडलं, ते कापून काढलं. तीन बोटं आता वळत नाहीत. आबांना तुटलेला धागा बांधता येत नाही. पाणी मागायचं तरी खूण अर्धीच होते.

घरी सोडायच्या दिवशी ऑफिसातल्या बाईने कागद पुढे केला. त्यावर गुजरातीत लिहिलं होतं, पेशंटने स्वतः सुई ओढली. "सही करो बेन, फॉर्मालिटी छे." मोठे डॉक्टर शेजारीच मोबाइल बघत उभे होते.

मी पेन घेतलं. ती ओळ खोडली. खाली मराठीत लिहिलं, सुई निसटल्याचं बाप सांगत होता, त्याचे हात बांधले, मुलीला बाहेर काढलं. त्याखाली सही केली.

"ये क्या लिखा?" डॉक्टरांनी विचारलं.

"जो हुआ वो लिखा. इसकी झेरॉक्स दो."

ती झेरॉक्स जोडून तक्रार दिली. उत्तर नाही. मी वाट बघत बसलेली नाही. आमच्या गल्लीतलं कुणी दाखल झालं की मी साड्यांना लेस लावायचं काम टाकून जाते आणि राउंडला कॉटशी उभी राहते. वॉचमन अंगावर येतो. मी सांगते, ह्या पेशंटला कुठे दुखतंय ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही. पोलीस बोलवा. उचलून फेका. माझ्या पायांनी मी बाहेर जाणार नाही.