कापसातला खळगा

माझी थोरली लेक जन्मल्यावर पहिले आठ दिवस कापसात झोपली. हे ऐकून बायका हसतात, भारीच लाडाची दिसते म्हणतात. मी त्यांना हसू देते. नवव्या दिवसाचं कुणी विचारत नाही आणि मीही आपण होऊन सांगत नाही.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. पहिलं बाळंतपण म्हणून मी धुळ्याहून माहेरी, धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात आले होते. घर लहान. पुढे ओसरी, मध्ये एक खोली, मागे स्वयंपाकघर. मधली खोली तुझी, असं आईने मला आधीच सांगून ठेवलं होतं. पण त्या साली कापूस असा काही फुटला, की मी पोचले तेव्हा तोच खोलीत मुक्काम ठोकून बसला होता. तीन भिंती त्याच्या आणि दारालगतची पट्टी माझी. त्या पट्टीत एक बाज कशीबशी मावली. मी चिडून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हटलं की कापूस ओसरीत टाका. ते म्हणाले, बाहेर दहिवर पडतं, दवाने कापूस भिजतो. कापसाला काय बाधतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, बाळंतिणीला काय बाधतं ते त्यांनी विचारलं नाही. त्यावर मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

लेक झाली आणि तिला निजवायचं कुठे हा प्रश्न आला. बाज इतकी सैल, की मी आणि ती दोघी घसरून मधोमध एकत्र येत होतो. आपल्या अंगाखाली पोर चिरडेल या भीतीने माझा डोळा लागेना. खाली जमीन गार. झोळी बांधावी तर आढ्यापर्यंत कापूस. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात, तीही नाही, कारण कापसाच्या खोलीत विस्तव न्यायचा नाही असा आबांचा दंडक होता. शेवटी आईने मधल्या खांबाजवळ कापसाच्या उतारात कोपराने एक खळगा केला, त्यात जुनं मऊ लुगडं अंथरलं आणि पोरीला ठेवलं. जन्मल्यापासून रडणारी पोर गप्प झाली. मला तर आईचं इतकं कौतुक वाटलं, की कापसावरचा माझा राग निम्मा उतरला.

आमच्याकडे सोयर कडक. बारा दिवस घरातला पुरुष बाळंतिणीला शिवत नाही, तिच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. आबांनी नातीचं तोंडदेखील पाहिलं नव्हतं. मूल आईच्या कुशीत बाजेवर असतं, एवढंच त्यांना ठाऊक. तो खळगा आई आणि मी सोडून कुणीच पाहिला नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी आईने पोरीला न्हाऊ घातलं, स्वयंपाकघरात धुरी दिली आणि आणून खळग्यात निजवलं. मग मागच्या परसात माझी आंघोळ सुरू झाली. शेवटच्या वेचणीची गाडी तेवढ्यात दारात आली. खोलीला गोठ्याच्या बाजूने उंच खिडकी होती, तिच्यातूनच कापूस आत ओतायचे. माणसंही तिथूनच आत उतरायची. कापसाला सोयर लागत नसे. आबांनी गाडीजवळून हाक दिली, "खोलीमा कोनी नही ना?"

"कोनी नही. ती आंग धोई ऱ्हायनी," आईने माझ्या पाठीवर पाणी ओतता ओतता सांगितलं.

आंघोळ आटोपून, केस पुसत मी खोलीच्या दाराशी आले. बाज अर्धी बुडाली होती. उतार नव्हता, खळगा नव्हता, सगळं सपाट पांढरं. त्यावर माझा थोरला भाऊ आणि सालदार गडी कमरेवर हात ठेवून कापूस तुडवत होते. कापूस दाबून बसवल्याशिवाय खोलीत मावत नाही, दरवर्षी असाच तुडवतात. लहानपणी मीही हौसेने तुडवला होता. मी दाराची चौकट धरली आणि जेमतेम म्हटलं, "पोर कापूसमा शे."

दोघं होते तिथे थिजले. पाय उचलावा तर दुसऱ्या पायावर भार, आणि खाली काय आहे कुणाला माहीत. भावाचं तोंड पांढरं पडलेलं मला आजही दिसतं. मागून आबा आले. त्यांनी उंबरा ओलांडला, मला शिवूनच ओलांडला. दोघांना तसंच उभं राहायला सांगून ते कापसावर पालथे पडले आणि मला एवढंच विचारलं, कोणत्या बाजूला. मी खांबाकडे बोट केलं. ते खांद्यापर्यंत हात घालून चाचपत राहिले. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मग लुगड्याचा काठ वर आला आणि त्याबरोबर पोर. ओठ निळे, नाकातोंडात तंतू. आबांनी बोट घालून तिच्या तोंडातला कापूस काढला, तिला उलटं धरून पाठ चोळली. ती शिंकली, मग रडली. आणि आबा तिथेच कापसात बसून तिच्याहून मोठ्याने रडले.

त्याच दुपारी त्यांनी सगळा कापूस ओसरीत काढायला लावला आणि खोलीत शेगडी आणून ठेवली. दहिवराचं नाव कुणी काढलं नाही.

पुढे आई-आबांचं यावरून आयुष्यभर बिनसलं. मी विचारलं होतं, असं आबा म्हणायचे. मला वाटलं तुम्ही हिचंच विचारता, असं आई म्हणायची. आई तर नातीला घेताना शेवटपर्यंत बिचकायची. मी मधे बसून दोघांचं ऐकून घेत असे, कधी आबांना कधी आईला बोल लावत असे.

पण आबांची हाक मीही ऐकली होती. नऊ दिवसांची आंबलेली पाठ, वरून कढत पाण्याची धार, डोळे मिटलेले. खोलीत कोणी नाही, हे मला अगदी बरोबर वाटलं. तेवढा वेळ आपल्याला लेक झाली आहे हेच मी विसरले होते. आई-आबा दोघं गेले, तरी हे मी त्यांना सांगितलं नाही.