अजून एक बसते

दारव्ह्याहून आर्णीला जाणाऱ्या जीपमध्ये तो रोज दाराशीच बसायचा. परदेशातल्या युद्धात स्वयंसेवक म्हणून जखमींची गाडी चालवून आलेला माणूस. गावानं त्याची मिरवणूक काढली होती. ड्रायव्हर ‘सरका, अजून एक बसते’ असं ओरडला की आम्ही कुरकुरायचो. तो मुकाट्यानं गुडघे पोटाशी घ्यायचा.

एकदा मी ड्रायव्हरवर खेकसलो, “जनावरं भरून राह्यला का बे?”

दाराशी बसलेला तो हळूच म्हणाला, “बसू द्या भाऊ. तिकडं गाडी भरली म्हणून एका बाईले मी मांगं ठेवलं. आणाले परत गेलतो, तं गावच राह्यलं नव्हतं.”

पुढच्या फाट्यावर एक म्हातारी उभी होती. आता ड्रायव्हरही ‘जागा नाही’ म्हणाला. दाराशी बसलेल्या त्या माणसानं उतरून तिला आपल्या जागी बसवलं, बाहेरून दार लावलं आणि भर उन्हात फाट्यावरच उभा राहिला.

आर्णीपर्यंत कोणीच कुरकुरलं नाही.