न लागलेलं दही

डोणगावच्या अलीकडच्या त्या गावात कुणाचं दही बिघडलं, की बाया वाटी घेऊन सरळ रुख्मिणीच्या दारात. दही काय, कुणीही लावतं हो. पण रुख्मिणीचं दही भांडं तिरपं केलं तरी हलायचं नाही. हातगुण म्हणायचे लोक. तिलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोला!

तिची पोरगी पायल, कॉलेजात जाणारी. तिच्या आतड्याला सूज आली, संडासवाटे रक्त पडायला लागलं. चिखलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि समजावलं, की शरीराची फौज आपल्याच आतड्यावर उलटली आहे. गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि जेवणात ताजं दही ठेवायचं. दह्यात चांगले जिवंत जंतू असतात. ते आतड्याचं अस्तर राखतात, त्या फौजेला जरा शांत करतात. औषध नव्हे, पण आधार. रुख्मिणीला एवढं पुरे होतं. ती रोज घरच्या म्हशीच्या दुधाचं दही लावायची, रोज पुढ्यात बसून खाऊ घालायची. हळूहळू रक्त थांबलंही.

मग वैशाखात एका सकाळी तिनं झाकण काढलं, तर दूध तसंच.

पातळ, पांढरं. बोट बुडवलं तर नुसतं ओलं झालं. विरजण कमी पडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. नाही लागलं. भांडं बदललं, नवं मडकं आणलं, शेजारच्या आशाबाईकडून विरजण मागितलं. त्याच विरजणाचं आशाबाईच्या घरी दही घट्ट, हिच्या घरी दूधच. बरं, त्या उन्हात दूध दुपारपर्यंत नासायला तरी हवं! तेही नाही. फळीवर नुसतं बसून राहिलेलं. रुख्मिणी स्वयंपाकघरात शिरली की आधी तिकडं नजर जायची, आणि अंगावर काटा यायचा.

बाया यायच्या बंद झाल्या. आशाबाई हळूच म्हणाली, "हाताले कोणाची नजर गिजर तं नाही ना लागली वं?"

हे घर बौद्धाचं. सासऱ्यांनी गंडेदोरे कधीच उंबऱ्याबाहेर फेकलेले, भगताचं नाव काढायची सोय नाही. त्यामुळं भीती वाटते हे बोलून दाखवायलासुद्धा तिला लाज वाटली. नवरा इंद्रभान तिच्याकडं बघायचा आणि खाली मान घालून म्हशीकडं निघून जायचा. तिला वाटलं, यालाही कळलंय आपल्या हातांचं.

दही नाही तर नाही, दूध तरी जावं पोटात, म्हणून ती पायलला दोन्ही वेळा पेलाभर द्यायची. रक्त पुन्हा सुरू झालं. एक दिवस पायल पोटावर हात ठेवून म्हणाली, "माय, पयले पोट गुरगुरे तरी. आता आतमंधी कोणीच नाही असं वाटून राह्यलं."

त्या दिवसापासून रुख्मिणीनं पोरीच्या अंगाला हात लावणं सोडलं. पेला खाली ठेवायची आणि मागं सरायची. पायल फणी घेऊन आली तर रुख्मिणी म्हणाली, "तुये केस तूच इचर." पोरगी रडली. आपल्या हाताखाली काही जिवंत राहत नाही, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पायलला पुन्हा चिखलीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दही चालू आहे ना?"

रुख्मिणीला रडू फुटलं. "नाही लागत जी दही! माह्या हातालेच काहीतरी झालं. मीच पोरीले खाऊन राह्यली!"

डॉक्टर हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "म्हशीला काही औषध चालू आहे का?"

इंद्रभान भिंतीकडं बघत बोलला. म्हशीची कास सुजली होती. तो कासेच्या सडात नळीनं औषध सोडत होता. सूज परत आली की परत. ढोरांच्या डॉक्टरनं दूध फेकून द्यायला सांगितलं होतं. "पोरीच्या तोंडचं दूध कसं फेकू जी? हिले सांगतलं असतं तं हिनं थेंबभर देऊ देल्लं नसतं."

"ते औषध जंतू मारतं," डॉक्टर म्हणाले. "दुधात उतरलं, म्हणून विरजणातले मेले. पायलच्या पोटातही रोज थोडं थोडं गेलं. त्यानंच दुखणं उलटलं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण ते दूध आजपासून बंद."

बसस्टँडवर रुख्मिणी चारचौघांत कडाडली, "तुमी पाहत होते ना मले! रोज पाहत होते मी कशी मरून राह्यली ते!"

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. दूध आशाबाईकडून येऊ लागलं. दही पायलनंच लावलं, आणि ते लागलं. रक्त थांबायला बराच काळ गेला, पण थांबलं. पोरगी कॉलेजात जायला लागली. दही न लागण्याचं कारण सगळ्या गावाला कळलं, पटलंही.

परवा पायलला अभ्यास होता. तिनं कोमट दुधाचं पातेलं आणि विरजण आईपुढं सरकवलं. "आज तू लाव ना माय. औषधाचंच होतं ना ते?"

"हाव, औषधाचंच," रुख्मिणी म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "तू लाव."