रुमालाखालचा हात

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मेंदूत एक रसायन कमी होत जातं. ते टिकवता येईल का, हे उंदरांवर तपासण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. आणि त्याच काळात माझे वडील, अण्णा, मला ‘अहो बाई’ म्हणू लागले. जन्मभर गुळाचा व्यापार केलेला माणूस, पण आता बोलणंही आटत चाललं होतं. मला कुठेच चैन पडेना. प्रयोगशाळेत असले की घर आठवायचं, घरी असले की उंदीर. गणपतीपुढे निरांजन रोज लावत होते, पण जाब विचारल्यासारखं. मी एवढी राबते, तू काय करतोस? अण्णांनी एकदा मला ओळखावं, याहून जास्त काही मागत नव्हते.

एका दुपारी सिलिंडरवाला आला म्हणून आई त्याच्यासोबत स्वयंपाकघरात गेली आणि अण्णा उघड्या दारातून निघून गेले. मी प्रयोगशाळेतून तशीच स्कूटरवर निघाले. जुन्या आठवणी सर्वांत शेवटी जातात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. अण्णांची पहिली पेढी भवानी पेठेत होती, बाजार नंतर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला. म्हणजे ते भवानी पेठेतच सापडणार, असं मी मनाशी पक्कं केलं आणि तिथल्याच गल्ल्या पुन्हापुन्हा पालथ्या घातल्या. अण्णा दिसले नाहीत. धाकटा भाऊ हिंजवडीच्या ऑफिसातून फोनवर फोन करत होता. मी त्याच्यावर खेकसले, म्हटलं, तुझ्या कॉम्प्युटरवर दिसतात का बघ.

स्वारगेटच्या अलीकडे सिग्नलला थांबले. कुठे वळायचं तेच कळेना. मनात गणपतीला म्हटलं, ‘बाप्पा, माझं शास्त्र संपलं. आता तूच बघ.’ या वेळी जाब नव्हता, ताकदच नव्हती. शेजारी गुळाच्या ढेपा भरलेला टेम्पो उभा होता. सिग्नल सुटला आणि मी काही न ठरवता त्याच्या मागे गेले. असे टेम्पो त्या रस्त्याने रोज जातात, हे मलाही ठाऊक आहे.

टेम्पो मार्केट यार्डात भुसार बाजारात शिरला. चार गाळे पुढे, मिरचीच्या एका दुकानात, गादीवर अण्णा बसलेले दिसले. समोर पांढऱ्या दाढीचे, जाळीची टोपी घातलेले एक वयस्कर व्यापारी. दोघांचे हात एका चौकडीच्या रुमालाखाली. जुन्या बाजारात असा भाव ठरायचा: तोंडाने बोलायचं नाही, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, म्हणजे शेजाऱ्याला आकडा कळत नाही. लहानपणी मी ते पाहिलं होतं.

मला रडू फुटलं. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “बसा ताई. सौदा चालू आहे.”

“तुम्ही ओळखता यांना?”

“नाही. प्रत्येक गाळ्यात हात पुढे करत होते. लोकांना वाटलं, भीक मागतात. मला तसं वाटलं नाही. रुमाल टाकला, तर बसले.”

“पण सौदा कशाचा?”

“ते त्यांनाच ठाऊक,” ते हसून म्हणाले, “पण ऐकत नाहीत हो, दुपारपासून भावावरून घासाघीस करतायत.”

अण्णा उठायला तयार नव्हते. सौदा अर्धवट टाकून व्यापारी उठत नाही. तेवढ्यात अजान झाली. ते गृहस्थ म्हणाले, “आता तुम्ही बसा. मी नमाज पढून येतो.” आणि माझा हात त्यांनी रुमालाखाली सरकवून दिला.

अण्णांची बोटं माझ्या बोटांवरून फिरली. एक दाबलं, मग दोन, मग थांबले. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारावंसंही वाटलं नाही. मी हात तसाच ठेवला. बराच वेळ ते चाचपत राहिले. मग त्यांनी माझा अख्खा पंजा घट्ट धरला आणि कित्येक महिन्यांनी स्पष्ट आवाजात म्हणाले, “दिला. घरच्या माणसाशी काय घासाघीस करायची?”

आणि उठून माझ्याबरोबर चालू लागले.

तो रुमाल परत द्यायला गेले, तर त्या गृहस्थांनी घेतला नाही. त्यांना मी मनोमन अजून नमस्कार करते. अण्णांनी मला पुन्हा कधी नावाने हाक मारली नाही, आणि माझ्या उंदरांनीही अजून मनासारखं उत्तर दिलेलं नाही. काम चालू आहे, तळमळही आहे. अण्णा होते तोवर रोज संध्याकाळी आम्ही तो रुमाल टाकून बसायचो. आता निरांजन लावून झालं की मी तो देवापुढे पसरते आणि त्याखाली हात ठेवून थोडा वेळ बसते. भाव विचारत नाही.